थांबावे केव्हा?

ग्रहणाचा दिवस जवळ आला की घरोघरी पंचांग उघडले जाते. स्पर्श किती वाजता, मध्य केव्हा, मोक्ष केव्हा, एवढे पाहून घरातील बायका स्वयंपाकाची वेळ ठरवितात, देवळाची दारे केव्हा लावावयाची आणि केव्हा उघडावयाची हे पुजारी ठरवितात, आणि वडीलधारी मंडळी मोक्षानंतरच्या स्नानाची आठवण करून देतात. हे आकडे पंचांगकर्त्याने आणले कोठून, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मीही कित्येक वर्षे विचारला नव्हता. कोठे तरी एखादे सूत्र असेल, त्यात संख्या घातल्या की उत्तर बाहेर पडत असेल, अशी माझी समजूत होती. पुढे जुन्या सिद्धान्तग्रंथांविषयी वाचताना कळले की गोष्ट इतकी सरळ नाही. आणि तेथे जी अडचण आहे ती केवळ ज्योतिषाची नसून माझ्या वकिलीच्या व्यवसायाची, किंबहुना प्रत्येक संसारी माणसाची आहे.

अडचण अशी. चंद्रग्रहणाचा मध्य गणिताने ठरला असे समजा. त्याच्या किती वेळ आधी स्पर्श झाला हे चंद्राच्या शरावर, म्हणजे क्रांतिवृत्तापासून तो किती उत्तरेस वा दक्षिणेस आहे ह्यावर अवलंबून असते. पण शर घ्यावयाचा तो स्पर्शाच्या क्षणीचा, आणि तो क्षण तर अजून सापडावयाचा आहे. काळ काढण्यास शर पाहिजे आणि शर काढण्यास काळ पाहिजे. नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात तो हाच. तर्काच्या पद्धतीने येथे वाट खुंटते.

आपल्या गणितज्ञांनी मात्र ह्यातून वाट काढली. त्यांनी प्रथम मध्यकाळचाच शर धरला आणि त्यावरून स्पर्शाचा अंदाजी काळ काढला. तो काळ चुकीचा आहे हे त्यांना ठाऊक होते. मग तेवढ्या काळाने चंद्र मागे नेऊन तेथला नवा शर काढला, त्यावरून नवा काळ काढला, आणि हाच क्रम पुन्हा चालविला. ह्या रीतीला 'असकृत्' कर्म म्हणतात; असकृत् म्हणजे एकदाच नव्हे, वारंवार. सूर्यसिद्धान्तात ही रीत आहे, आणि सह्याद्रीच्या आश्रयाने राहिलेल्या भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीतही आहे. हे फेरे कोठवर करावयाचे? दोन लागोपाठच्या उत्तरांत फरक उरत नाही तोवर. त्या अवस्थेला सातव्या शतकातील पहिल्या भास्कराच्या परंपरेत एक सुरेख नाव आहे: 'अविशेष'. विशेष, म्हणजे भेद, उरला नाही की थांबावे.

येथे एक बारकावा आहे आणि ह्या लेखाचे सारे त्यावर उभे आहे. फरक उरला नाही म्हणजे कोणत्या मापाने? ज्योतिषी घटी-पळांत मोजीत. एक पळ म्हणजे आजचे २४ सेकंद. पळांत किंवा विपळांत जो भेद दिसेनासा झाला तो त्यांच्या दृष्टीने संपला. त्याखाली तो उरलेला असणारच. पण ज्या कामासाठी गणित मांडले होते त्या कामाला तो बाधक नव्हता. अविशेष म्हणजे भेदाचा संपूर्ण अभाव नव्हे, प्रयोजनापुरता अभाव. किती भेद सोडून द्यावयाचा हे आकाश सांगत नाही. ते गणित करणाऱ्याने ठरवावयाचे असते. आणि जेथे माणसाने ठरवावयाचे असते तेथे नीतीचा प्रश्न आलाच.

हे सारे मला नव्याने आठवले ते माझ्या भाच्यामुळे. तो येथे हैदराबादेत संगणकावर अभियांत्रिकी गणिते करण्याचे काम करतो. एका रविवारी तो जेवावयास आला तो डोळे तांबारलेले. विचारता म्हणाला, "मामा, काल रात्रभर प्रोग्राम चालला, पण थांबलाच नाही." गणित होते तापलेल्या धातूच्या पत्र्याचे. पत्र्याच्या कडांचे उष्णमान ठाऊक आहे, आतील प्रत्येक बिंदूचे काढावयाचे आहे. प्रत्येक बिंदूचे उष्णमान हे त्याच्या चार शेजाऱ्यांच्या उष्णमानाची सरासरी असते. पण त्या शेजाऱ्यांचेही अजून काढावयाचेच असते. म्हणजे पुन्हा तोच अन्योन्याश्रय आणि पुन्हा तेच असकृत् कर्म. संगणकवाले ह्या फेऱ्याला 'लूप' म्हणतात. भाच्याने लूपला थांबण्याची अट घातली होती ती अशी: नवे उत्तर जुन्या उत्तराबरोबर तंतोतंत जुळेल तेव्हा थांब.

अट निर्दोष दिसते, नव्हे का? दोष तिच्या निर्दोषपणातच होता. संगणक संख्या ठेवतो त्या ठरावीक लांबीच्या कप्प्यात, आणि शून्य व एक ह्या दोनच अंकांत. आपल्या दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहू गेल्यास तिनांची रांग जशी संपत नाही, तसा त्या पद्धतीत एक-दशांश कधी संपत नाही; कप्प्यात मावेल तेवढा ठेवून शेपूट कापावे लागते. म्हणून ०.१ ही संख्या दहा वेळा मिळविली असता संगणकाच्या नेहमीच्या रीतीत १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. 'बरोबर एक झाले की थांब' अशी आज्ञा दिलेला लूप एकाच्या शेजारून निघून जातो आणि पुढे चालतच राहतो. भाच्याच्या पत्र्यावरील काही बिंदूंचा शेवटचा अंक असाच दोन किमतींमध्ये रात्रभर हेलकावत होता. उत्तर मध्यरात्रीपूर्वीच हाती आले होते. ते ओळखण्याची मोकळीक मात्र कोणी दिली नव्हती.

त्याने दुरुस्ती केली ती दोन कलमांची. पहिले: सर्व बिंदूंतील जास्तीत जास्त फरक अंशाच्या सहस्रांशाहून कमी झाला की थांब. दुसरे: तसे न झाले तरी दहा हजार फेऱ्यांनंतर थांब. आणि ह्या दोहोंपैकी कोणत्या कारणाने थांबलास ते उत्तराबरोबर लिही. हे तिसरे त्याने सहज जोडले. मी मात्र ते ऐकून जेवता जेवता थांबलो, कारण मला माझा एक जुना दस्त आठवला.

वकिली सुरू करून मला फार वर्षे झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. झहीराबादकडील एका मराठी कुटुंबातील दोन भावांचा शेताच्या वाटणीचा तंटा होता. दोघेही सज्जन, दोघेही हट्टी. कोर्टात न जाता मिटवावे म्हणून त्यांनी मला तडजोडपत्र लिहावयास सांगितले. मी मोठ्या उत्साहाने ते लिहिले आणि न्यायबुद्धीचा कळस म्हणून त्यात एक कलम घातले: दोन्ही भावांनी आपापल्या मोजणीदाराकडून मोजणी करवावी, आणि दोन्ही मोजण्या तंतोतंत जुळतील तेव्हा बांध घालून ताबा द्यावा. शब्द माझाच, 'तंतोतंत'. त्या शब्दाचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

मोजण्या अर्थातच जुळल्या नाहीत. साखळी ओढण्यात, बांधाची कड धरण्यात, ओढ्याचे वळण मोजण्यात हातभर फरक पडणारच. प्रत्येक मोजणीत तो पडला, कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या बाजूला. कलमाप्रमाणे पुन्हा मोजणी, पुन्हा फरक. सहा वर्षे ती जमीन पडीक राहिली. दोघांनी मोजणीदारांना दिलेला पैसा त्या हातभर पट्टीच्या किमतीच्या कित्येक पट झाला असेल. त्यांच्या हट्टाला मी दोष देत असे. रविवारच्या त्या जेवणापर्यंत माझ्या मनात आले नव्हते की न थांबणारा फेरा मीच लिहिला होता, आणि ते दोघे केवळ तो प्रामाणिकपणे चालवीत होते.

अतिनेमकेपणा हा असा एक दोष. त्याच्या उलट बाजूचा दोष म्हणजे मोघमपणा, आणि तोही प्राण घेऊ शकतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरबस्तानातील धाहरान येथे अमेरिकन सैन्याच्या बराकीवर इराकी स्कड क्षेपणास्त्र पडले आणि २८ सैनिक मरण पावले. ते अडविण्यासाठी ठेवलेली पॅट्रियट यंत्रणा त्या वेळी सुमारे १०० तास सलग चालू होती. तिचे घड्याळ दशांश सेकंदांत मोजी, आणि वर सांगितलेल्या त्या कापलेल्या शेपटीमुळे शंभर तासांत सुमारे एक-तृतीयांश सेकंदाची चूक साचली होती. एवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते; यंत्रणा त्याला आकाशात भलत्याच जागी शोधीत राहिली. वकील म्हणून मला सर्वांत अधिक खुपते ती गोष्ट वेगळीच आहे. चारच दिवस आधी सैन्याला लेखी सूचना गेली होती की यंत्रणा फार वेळ सलग चालविल्यास लक्ष्य हुकू शकते. 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे त्या सूचनेत नव्हते. सुधारलेला प्रोग्राम धाहरानला पोहोचला तो दुसऱ्या दिवशी, २६ तारखेस. आठ तास, वीस तास, असा एखादा आकडा त्या सूचनेत असता तर कोणी तरी यंत्रणा वेळेवर बंद करून पुन्हा सुरू केली असती. माझ्या तडजोडपत्रातील 'तंतोतंत' आणि त्या सूचनेतील 'फार वेळ' हे दोन शब्द मी आता शेजारी शेजारी ठेवतो. दोन्ही लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता. दोघांनीही माप ठरविण्याची जबाबदारी टाळली होती.

मग माप ठरविले, फरक अमुक इतका लहान झाला की थांबावे असे लिहिले, की आपले कर्तव्य संपले काय? नाही. पुढला धोका अधिक सूक्ष्म आहे. एक, अधिक अर्धा, अधिक एक-तृतीयांश, अधिक एक-चतुर्थांश, अशी बेरीज करीत चला. प्रत्येक नवी भर आधीच्याहून लहान. भर सहस्रांशाएवढी झाली की थांबावयाचे ठरविले तर हजार पायऱ्यांनंतर साडेसाताच्या किंचित आत थांबाल आणि बेरीज स्थिरावली असे म्हणाल. पण दहा लाख पायऱ्या गेलात तर ती चौदाच्या पुढे असते. चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम ह्याने दाखवून दिले की ही बेरीज कोठेच थांबत नाही. हवी तेवढी मोठी होते. हालचाल मंदावणे म्हणजे मुक्काम येणे नव्हे. भाचा म्हणाला, "मामा, फरक लहान झाला म्हणजे उत्तर जवळ आले असे नाही. कधी कधी गणित नुसते दमलेले असते."

हे वाक्य मला लागले. सहाव्या वर्षी त्या दोन भावांपैकी थोरल्याने हरकत घेणे बंद केले होते. मी मनात म्हटले, चला, स्थिरावले एकदाचे. तसे पत्रही मी तयार केले. सही करावयास ते आले तेव्हा म्हणाले, "वकीलसाहेब, मला हे पटलेले नाही. पण मोजणीदाराला द्यायला आता पैसे नाहीत आणि चालायला पायांत बळ नाही." सही त्यांनी केली नाही, मीही आग्रह केला नाही. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांचे मौन मी संमती समजलो होतो. किती घरांत, किती संस्थांच्या सभांत, आपण असेच करतो! बोलणारा बोलायचा थांबला की मतभेद मिटला असे इतिवृत्तात लिहितो.

खरे स्थिरावणे आणि दमणे ह्यांतला भेद ओळखण्याचा एक उपाय भाच्याने सांगितला तो मला फार आवडला. पत्र्याचे गणित दोनदा करावे. एकदा आतील सारे बिंदू सर्वांत थंड कडेइतके थंड धरून आरंभ करावा, एकदा सर्वांत तप्त कडेइतके तप्त धरून. पहिले उत्तर खालून वर चढत जाते, दुसरे वरून खाली उतरत येते; खरे उत्तर सदैव त्या दोहोंच्या मध्ये असते. ती दोन एकमेकांच्या जवळ आली की थांबावे. नुसते एक उत्तर स्वतःशी जुळते ह्यावर विसंबू नये. न्यायशास्त्रात उभय पक्षांना ऐकल्याविना निर्णय नाही असा जो दंडक आहे, त्याचेच हे गणिती रूप नव्हे काय? एकाच बाजूने कितीही वेळा ऐकले तरी जे मिळते ते त्या बाजूचे स्थैर्य; सत्य किती दूर आहे हे दुसरी बाजू आल्यावाचून कळत नाही.

आता दुसऱ्या कलमाकडे, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल संख्येकडे वळू. जपमाळेला मेरुमणी असतो. चित्त एकाग्र झालेले असो वा नसो, तो हाताला लागला की माळ पुरी झाली. कायद्यानेही असे मेरुमणी बसविले आहेत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ११ वे कलम सांगते की ज्या वादाचा त्याच पक्षांमध्ये सक्षम न्यायालयाने एकदा निर्णय केला तो पुन्हा उकरता येणार नाही. १९६३ चा मुदतीचा कायदा हक्क किती वर्षांत मागावा ह्याची मर्यादा घालतो. अपील आहे, पुनर्विलोकन आहे, आणि २००२ साली रूपा अशोक हुर्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याही पलीकडे एक अखेरचा उपचारात्मक अर्ज मान्य केला. पण त्याला अटी कडक लावल्या. ही व्यवस्था असे म्हणत नाही की शेवटचा निर्णय हा बरोबरच असतो. ती एवढेच म्हणते की कोठे तरी थांबले पाहिजे, नाही तर ज्यांच्यासाठी न्याय करावयाचा ती माणसेच संपून जातात.

तथापि कोठे थांबावे हे चुकीची किंमत कोण भरतो ह्यावर ठरले पाहिजे. चार हात जमिनीचा प्रश्न आणि प्राणाचा प्रश्न ह्यांना एकच माप लावता येत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की मृत्युदंडाच्या प्रकरणातील पुनर्विलोकन अर्जाची सुनावणी खुल्या न्यायालयात, किमान तीन न्यायमूर्तींसमोर व्हावी. एरवी असे अर्ज दालनातच पाहिले जातात. जेथे चूक मागे फिरविता येत नाही तेथे आणखी एक फेरा, हा न्याय मला उचित वाटतो.

उलट, जेथे विलंब हीच हानी असते तेथे काय करावे, ह्याचे उत्तर आमच्या ह्याच शहरात पाहावयास मिळते. २६ डिसेंबर २००४ च्या समुद्रप्रलयानंतर, २००७ च्या ऑक्टोबरपासून, हैदराबादेतील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र चालू झाले. समुद्रापासून शेकडो मैलांवर बसून हे लोक किनाऱ्याची राखण करतात. भूकंप झाल्यावर लाटेचे संपूर्ण गणित फेऱ्यांमागून फेरे करीत बसले तर उत्तर अचूक येईल, पण लाट त्याच्या आधी येईल. म्हणून निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या तीव्रतेचे भूकंप झाल्यास लाटा कशा पसरतील ह्याची गणिते त्यांनी शांत काळी आधीच करून साठविली आहेत. प्रत्यक्ष भूकंप झाला की त्यांतील सर्वांत जवळचे उत्तर काढून काही मिनिटांत पहिले निवेदन द्यावयाचे, आणि समुद्रातील मापकांची नोंद येईल तसतसे ते सुधारीत जावयाचे. पहिले निवेदन अंतिम नाही हे कोणापासून लपविलेले नसते. घाईच्या वेळी घाईने ठरवावे लागू नये म्हणून निवांत वेळी ठरवून ठेवणे, ह्याला मी नीतीच म्हणेन.

कोणी म्हणेल, ही सारी सत्याशी तडजोड झाली. थोडा फरक चालेल असे एकदा म्हटले की माणूस उद्या अधिक फरक चालवून घेईल. ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच मर्यादा आधी, उत्तर दिसण्यापूर्वी, लिहिली पाहिजे. उत्तर सोयीचे आले की थांबणारा आणि गैरसोयीचे आले की आणखी एक फेरा करणारा मनुष्य प्रत्येक फेरीत प्रामाणिक असला तरी एकंदरीत अप्रामाणिक असतो. फरक सोडून देणे हे असत्य नव्हे. किती सोडला ते न सांगणे हे असत्य. आणि दमून थांबलो असताना पोहोचलो असे सांगणे हे त्याहून मोठे असत्य. १९३६ साली ॲलन ट्युरिंगने सिद्ध केले की कोणताही प्रोग्राम दिला असता तो कधी तरी थांबेल की नाही हे हटकून सांगेल अशी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. म्हणजे ही जबाबदारी यंत्रावर टाकण्याची सोयच नाही. ज्याने फेरा लिहिला त्यानेच शेवटही लिहिला पाहिजे.

त्या शेताचे पुढे काय झाले ते सांगून संपवितो. थोरले गेल्यावर त्यांचा मुलगा आणि धाकटे भाऊ एकाच दिवशी माझ्याकडे आले. मी जुने कलम खोडले आणि नवे लिहिले: दोन मोजण्यांतील फरक अर्ध्या गुंठ्याच्या आत असल्यास मधोमध बांध घालावा, अधिक असल्यास दोघांनी मिळून नेमलेल्या तिसऱ्या मोजणीदाराचे माप दोघांवर बंधनकारक राहील. काम एका दिवसात आटोपले. त्या वर्षीच्या खरिपात तूर पेरली गेली. बांध घालताना धाकटे भाऊ काही बोलले नाहीत. परत निघताना मात्र म्हणाले, "हेच सात वर्षांपूर्वी लिहिले असते तर दादा बांधावर असते." मी उत्तर दिले नाही. तेव्हा मला ते दैवाविषयी बोलत आहेत असे वाटले होते. आज कळते की ते माझ्या कलमाविषयी बोलत होते.